गोडेतेलाच्या डब्यातली गिटार

नानाभावोजी माणसाची पारख कानानं करायचे. नवा माणूस भेटला की मान जरा तिरकी करून, डोळे अर्धवट मिटून ते त्याच्या आतली 'घूं' ऐकत. मग निकाल देत, "ह्याला अर्थिंग नाय." ग्रामसभेत भाषण ठोकून सरपंच खाली बसले की भावोजी शेजारच्याच्या कानाशी लागून म्हणत, "आवाज मोठा हाय, अर्थिंग नाय." आमचा फ्रीज, कापडे गावातली भाताची गिरण, पोलादपूरच्या स्टँडवर उगाच चालू ठेवलेली एसटी आणि दुपारचा जेवून घोरणारा मी, या सगळ्यांचं निदान एकच. पुतणीसाठी मुलगा बघायला गेले, तिथंही पोहे खाऊन झाल्यावर म्हणाले, "पोरगा सरळ हाय, नोकरी हाय, पण आत कुठंतरी घूं हाय." तरी मुलगी दिली. जावई आज मजेत आहे, बायकोला विचारल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही. भावोजींचं निदान दरवेळी खरं ठरायचं असं नाही.

ते माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. उभी हयात मुंबईत एका कंपनीच्या वायरिंग खात्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर कापड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या वाडीत परतले. बाकीचे चाकरमानी परतताना कपाट आणतात, टीव्ही आणतात. भावोजींनी इलेक्ट्रिक गिटार आणली. बिल्डिंगच्या गणपतीत ते ती वाजवायचे. ही गिटार म्हणजे तारा लावलेली फळी. आत पोकळी नाही, त्यामुळे मशीनला जोडली नाही तर तिचा आवाज पाटावर कोणी नखं घासावीत एवढाच. वाडीच्या भजनी मंडळानं त्यांना मानानं बसवून घेतलं, कारण आपल्याच वाडीच्या, मुंबईहून परत आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि इथं मी येतो.

महाडला माझं मंडप-साऊंडचं दुकान आहे. पोलादपूरकडच्या बऱ्याच वाड्यांच्या सप्त्याला माईक माझेच असतात. भावोजी मंडळात पहिल्यांदा बसले त्या सप्त्यात बुवा मला देवळामागं घेऊन गेले. बुवा म्हणजे मंडळाचे गाणारे. सज्जन माणूस, भिडस्त.

"शेठ, तुमचे पाव्हणे हायत म्हणून सांगतो," ते म्हणाले. "जरा... खाली घ्या त्यांचं."

"किती खाली?"

बुवांनी वाकून तळहात जमिनीला लावला.

मी मिक्सरवरची भावोजींच्या गिटारीचा आवाज कमीजास्त करायची सरकती पट्टी तळाला नेली. फार बोलायची सवय मला लहानपणापासून नाही. लोक त्याला सभ्यपणा समजतात आणि मी त्यांना तसं समजू दिलं. भावोजी पुढं बसून मान डोलावत वाजवत होते आणि त्यातला एक कणही देवळात कुणाला ऐकू जात नव्हता. हे पुढं प्रत्येक सप्त्याला झालं. बुवांनी सांगितलं होतं ते पहिल्या वर्षी. नंतर मला कोणीच काही सांगितलं नाही, मी आपणहून करत गेलो. भावोजींच्या दिवसकार्याला सगळे त्यांच्याबद्दल भरभरून बोलले. मी तिथंही गप्प बसलो. म्हणून आता लिहितोय.

ते वाईट वाजवत होते असं कोणी समजू नये. त्यांची खोड एकच, ते आधी ऐकायचे आणि मग वाजवायचे. त्यामुळे सूर बरोबर असायचा, फक्त वेळेवर नसायचा. बुवा पुढच्या ओळीवर गेले की मागच्या ओळीचा शेवट गिटारीतून यायचा, पंगत उठल्यावर पाव्हणा पोचावा तसा.

त्या पहिल्या सप्त्यानंतर भावोजींनी वाडीत चौकशी केली. कसं वाजलं? वाडीला सगळं ठाऊक होतं, पण माणसं मायाळू. "गोड वाजलं हां नाना," ज्यानं त्यानं सांगितलं. एका म्हातारीनं मात्र प्रेमापोटी भर घातली, "जरा हळू आलं, पन गोड."

त्या 'हळू'नं घात केला. भावोजी चार दिवस अंगणात बसून विचार करत राहिले आणि मग त्यांचा मला फोन आला. "मेव्हण्या, सापडलं! तुझ्या मशीनचा दोष नाय. माझ्या गिटारीचा पण नाय. दोघांचं जमत नाय. मधे प्रीअँप पायजे."

"असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेलो, तेव्हा अँप्लिफायर म्हणजे काय ते त्यांनी मला घराचा दाखला देऊन समजावलं. "पुढं पडवी, मधे माजघर, मागं चूल. प्रीअँप म्हंजे पडवी. गिटार ही नवी नवरी हाय, खाल्ल्या मानेनं येते. दारातच कोणी खेकसलं तर तिचा आवाजच बसतो. पडवीत असा माणूस पायजे, जो तिच्याकडनं काय मागणार नाय. नुसता ऐकून घेईल आणि तेच जरा खणखणीत करून आत सांगेल. माजघर म्हंजे पॉवर अँप, तिथं घरातली दांडगी माणसं. आणि चूल म्हंजे पॉवर सप्लाय. चुलीनं धूर केला तर पडवीतल्या पाव्हण्याला खोकला येणारच. लोक ती घूं ऐकतात आणि दोष देतात पाव्हण्याला." मग माझ्याकडं कौतुकानं बघून म्हणाले, "तू चांगला प्रीअँप झाला असतास रे. ऐकून घेतोस, मागत काय नाय."

खणखणीत करून आत सांगायचं काम तेवढं मी करत नव्हतो.

पहिला प्रीअँप त्यांनी वडिलांच्या पितळी पानाच्या डब्यात बसवला. सुपारीच्या खणात ट्रान्झिस्टर, चुन्याच्या खणात बॅटरी, आणि काताच्या खणात आवाज कमीजास्त करायचं बटण. बाहेरची घूं आत शिरू नये म्हणून डबा धातूचाच हवा, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सुटे भाग मी मुंबईला माल भरायला जायचो तेव्हा आणून द्यायचो. दुकानदार दाखवील त्यातला सगळ्यात चांगला नग निवडायचो. अपराधी माणसासारखं चोखंदळ गिऱ्हाईक दुसरं नसतं.

पुढच्या सप्त्याला भावोजी पानाचा डबा मांडीशी घेऊन बसले. वायर जोडली आणि माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या, "येतंय का?" माझ्या मानेला एक हालचाल जमते, तिचा अर्थ हो पण होतो आणि नाही पण. ती मी केली. भजन झालं. वाडी म्हणाली, "गोड वाजलं हां नाना!"

"हळू?"

"नाय नाय, हळू नाय, हळू कुठं!" सगळे एकदमच म्हणाले.

घरी जाऊन भावोजींनी तो प्रीअँप उकलला. जोडण्या सोडवल्या, भाग काढून ठेवले. दुसरा बांधला, ट्रान्झिस्टरऐवजी चिप घालून. पुढच्या सप्त्याला तोही बसला माझ्या बंद पट्टीमागं. मग त्यांनी ठरवलं की दोष बॅटरीत आहे, चूल नीट पेटत नाही. ट्रान्सफॉर्मर आला, डायोड आले, दंडाएवढे जाड कंडेन्सर आले. "धूर ह्या टाक्यांत बसतो," ते मला दाखवायचे. "बाहेर निघते ती निव्वळ आच." मी मान हलवायचो. एका जागी बंद असलेल्या नळासाठी त्या माणसानं विहीर खणली होती, पंप बसवला होता आणि आता डोंगरातून पाट काढत होता. आणि तोटीवर हात माझा.

शेवटी एके दिवशी दुकानात येऊन म्हणाले, "मेव्हण्या, राग मानू नको. तुझं मशीनच नको. आता पूर्ण घर बांधतो. माझी पडवी, माझं माजघर, माझी चूल. एकदा वाडीनं ऐकलं म्हंजे बास. नायतर मी त्या मंडळात बसतो तरी कशाला?"

हे ऐकल्यावर तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "स्पीकर कुठला घालणार?"

स्पीकर तुडीलहून आला. तिथल्या एका घरात जुना रेडिओग्राम होता, सावित्रीच्या पुरात भिजून वाळलेला. त्याच्या स्पीकरच्या कागदात गाळ असा मुरला होता की कोणीही त्यातून बोललं तरी घसा बसल्यासारखं वाटे. भावोजींना तो फार आवडला. "अनुभवी आवाज हाय," म्हणाले. खोकं म्हणून गोडेतेलाचा पत्र्याचा डबा. पॉवर चिप तापते, तिला गार ठेवायला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा लागतो. तो मिळेना म्हणून आक्काचा दुधाचा टोप डब्याच्या पाठीला स्क्रूनं आवळला. आक्कानं डोक्याला हात लावला, मग डबा चालायला लागल्यावर त्या आडव्या, कोमट टोपात विरजणाचं भांडं ठेवायला लागली. "दही बरं लागतं," ती मला हळूच म्हणाली.

आतली मांडणी म्हणजे एकत्र कुटुंब होतं. ट्रान्सफॉर्मरनं पडवीकडं तोंड करून बसायचं नाही. "सासरा हाय तो. सुनेकडं पाठ करून बसायचं." खरंच, आडवा फिरवल्यावर घूं निम्मी झाली. गिटारीच्या वायरीवर तांब्याच्या तारेची जाळी हवी. "पदर पायजे तिला. पण पदर दोन्हीकडनं खोचायचा नाय, एकाच बाजूनं. दोन्हीकडनं खोचला की घूं चालू." मी टिपून घेतल्यासारखा ऐकायचो. त्या काळात मला माझ्या धंद्यातलं जेवढं कळलं तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत कळलं नव्हतं, आणि ज्याच्याकडून कळत होतं त्यालाच मी बंद करून ठेवलं होतं.

पहिल्यांदा बटण दाबलं त्या दिवशी मी तिथंच होतो. अशी घूं निघाली की अंगणातल्या कोंबड्या गेल्या त्या उन्हं कलेपर्यंत परतल्या नाहीत. आक्का आग्यामोहोळ उठलं समजून घोंगडी घेऊन खाली बसली. भावोजी मात्र प्रसन्न. मान तिरकी करून म्हणाले, "अर्थिंग नाय."

आता ती वाडी बसली आहे कातळावर. कुदळ मारली की ठिणगी उडते. अर्थिंगला ओलसर माती लागते, आणि साऱ्या अंगणात बारा महिने ओली माती एकाच जागी होती. तुळशीवृंदावनात. आक्का रोज पाणी घालते ना! भावोजींनी तांब्याची पट्टी तुळशीच्या मुळाशी पुरली आणि कंपनीतल्या नियमाप्रमाणे सोबत कोळसा आणि मीठ घातलं. भरपूर मीठ. घूं गेली, ती अशी गेली की डबा चालू आहे का बंद ते कळेना. पाठोपाठ तुळसही गेली.

"अवो, तुळशीला मीठ घातलंत?" आक्काचा आवाज खालच्या वाडीपर्यंत गेला.

"अगो, मीठ अर्थिंगला घातलंय. तुळस मधे आली."

"लग्न तोंडावर आलंय तिचं!"

त्या वर्षी आक्कानं तुळशीचं लग्न शेजारणीकडून आणलेल्या रोपाचं लावलं, प्लास्टिकच्या बादलीत. भावोजींनी अंतरपाट धरला होता, त्यामुळे त्यांना आक्काचं तोंड दिसत नव्हतं आणि ते बरंच होतं. लग्न लागल्यावर ती मला पडवीत घेऊन आली. "सुऱ्या, माझी तुळस गेली. माझा टोप गेला. तू पट्टी वर कर, नायतर खरं काय ते सांग त्यांना. पुढच्या खेपेला ते घराचे वासे काढतील."

"सांगतो," मी म्हणालो. आणि सांगितलं नाही.

सप्त्याच्या शेवटच्या दिवशी भावोजी चुंबळ करून डबा डोक्यावर घेऊन देवळात आले. पाठीला टोप, समोर तुडीलचा स्पीकर, आणि अंगावर इस्त्रीचा सदरा. माझ्या मिक्सरकडं त्यांनी बघितलंही नाही. बुवांनी बघितलं माझ्याकडं. मी दोन्ही हात उघडे करून दाखवले, की बाबा, आता माझ्या हातात काही नाही.

भजन सुरू झालं. आणि गिटार वाजली. काय सांगू, घसा बसलेल्या म्हाताऱ्यानं मनापासून गावं तसा तो आवाज, मोठा, स्वच्छ, घूंचा लवलेश नाही. देऊळ भरलं. लोक चमकून बघायला लागले. आणि सूर आला नेहमीप्रमाणे मागून.

पखवाजवाला उमरठचा होता, नवा. त्याला वाटलं, एवढा मोठा आवाज, म्हणजे हाच मुख्य असणार. तो गिटारीसाठी थांबायला लागला. बुवा पखवाजासाठी थांबायला लागले. आणि भावोजी तर आधीपासून बुवांसाठी थांबतच होते. तिघंही एकमेकांची वाट बघत, एकमेकांना मान देत, हळू हळू होत गेले. विठ्ठल विठ्ठल इतकं लांबलं की 'वि' म्हटल्यावर 'ठ्ठल' येईतो माणूस तंबाखू मळून घेईल. टाळकऱ्यांचे हात वर गेले ते वरच राहिले. आणि मग, कोणी न थांबवता, भजन आपोआप थांबलं. मागच्या स्वयंपाक्याला वाटलं संपलं. त्यानं येऊन काला वाटायला घेतला.

कोणी हसलं नाही, हे मी वाडीच्या वतीनं सांगतो. "गोड वाजलं हां नाना," टाळकऱ्यांतला एक दहीपोहे खात म्हणाला.

भावोजींनी डब्याचं बटण बंद केलं. हातावर काल्याचा द्रोण घेऊन ते देवळाच्या पायरीवर येऊन बसले. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"मी मागं हाय रे," ते म्हणाले. "मला कधी कळलंच नाय. आज पहिल्यांदा ऐकलं स्वतःला." मग माझ्याकडं वळले. मान तिरकी नव्हती, सरळ बघत होते. "म्हणून बंद ठेवायचास?"

"होय."

"बुवांनी सांगितलं?"

"पहिल्या वर्षी. पुढं मीच."

त्यांनी काल्यातली मिरची बाजूला काढली. मला वाटलं आता शिव्या येतील. मी त्यासाठी तयार होतो, किंबहुना आशेवर होतो. भावोजी म्हणाले, "म्हंजे पानाच्या डब्यातला प्रीअँप बरोबर होता?"

"बरोबर होता, भावोजी."

"दुसरा?"

"तोही."

"आयला!" द्रोण हातातून पडता पडता राहिला. "अरे, तो पहिला काय पीस होता! पाण्यासारखा स्वच्छ! मी तो मोडला रे! तुझ्या एका पट्टीपायी मी चांगला चालता प्रीअँप मोडला!" आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. इतकी वर्षं त्यांना फसवलं, ते त्यांनी तिथंच पायरीवर सोडून दिलं. पण त्या प्रीअँपबद्दल त्यांनी मला मनापासून क्षमा केली असं मला कधीच वाटलं नाही. नंतर कित्येकदा जेवताना मधेच थांबून म्हणायचे, "सुपारीच्या खणात कसा बसला होता!"

त्यांनी मंडळ सोडलं. बुवा घरी येऊन हात जोडून गेले, तरी नाही म्हणाले. पण त्यांची गिटार बंद पडली नाही. वाडीतल्या बायकांचं भजन असतं, एकादशीला, आळीपाळीनं कुणाच्या तरी ओटीवर. आक्का त्यात पुढं असते. त्या बायका गातात संथ, मधे पोर रडलं तर थांबतात, चुलीवरचं उतू जाईल म्हणून एखादी उठून जाते, परत येते, आणि बाकीच्या तिच्यासाठी ओळ धरून ठेवतात. तिथं मागं-पुढं असं काही नसतंच. भावोजी कोपऱ्यात डबा घेऊन बसायला लागले. गेले तेव्हा बायकांनी आक्काला विचारलं, "आता आमचं कोण धरून ठेवणार गो?"

मीही बदललो, धंद्याला मात्र ते मानवलं नाही. आता लग्नात नवरदेवाचे मामा गाणं म्हणायला उठले आणि यजमानानं मला डोळा घातला, तर मी जाऊन मामांना सांगतो, "मामा, तुमचा माईक बंद ठेवायला सांगितलंय मला. मी ठेवत नाही. पण तुम्हाला कळलेलं बरं." दोन-तीन वाड्यांनी मला बोलावणं सोडलं आहे.

भावोजींचं दुखणं वाढलं तेव्हा मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला. पोलादपूरच्या स्टँडवर सोडायला मी गेलो होतो. आक्का आत बसून पिशव्या लावत होती, मुलगा पाणी आणायला गेला होता. भावोजींनी खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. हाताला वजन राहिलं नव्हतं.

"मेव्हण्या, एक विचारतो. खरं सांग. एवढे सप्ते झाले. चुकून तरी कधी पट्टी वर राहिली असेल? एखाद्या वेळी?"

हो म्हणणं किती सोपं होतं. साऱ्या वाडीनं त्यांना इतकी वर्षं तेच दिलं होतं, मायेनं. माझी मान ती जुनी हालचाल करायला निघालीही होती.

"नाही, भावोजी," मी म्हणालो. "एकदाही नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मनगट सोडलं आणि समाधानानं मागं टेकले.

"बरं झालं. होय म्हणाला असतास, तर त्या दिवशी मी काय वाजवलं होतं तेच आठवत बसलो असतो. मरायचं राहून गेलं असतं."